नोमोडसेटचा अंगारा

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी पडली, की पहिला आरोपी ठरतो तो लॅपटॉपचा मालक. कुठला डिस्ट्रो टाकलास? कर्नल कितवा? सिक्युअर बूट बंद केलं होतंस का? घेण्याआधी ग्राफिक्स चिप कुणाची ते बघायला काय झालं होतं? ज्याने गाठीचे साठ-सत्तर हजार मोजून यंत्र घरी आणलं, उलटतपासणी त्याचीच. विकणारा मोकळा, बनवणारा मोकळा, आणि चिपवाल्याचं तर आरोपपत्रात नावही नाही.

तपासणी आटोपली की जाणकार उपाय सांगतात. सुरू होताना ‘ई’ दाब, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोध, तिच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिही. आमच्या पंथातला हा अंगारा. कपाळाला लावला की ताप उतरल्यासारखा वाटतो, रोगी उठून बसतो, अंगारा देणाऱ्याची कीर्ती चार घरांत पसरते. रोग काय होता हे विचारायची पद्धत नाही.

रोग मात्र अगदी ठरावीक जागी असतो. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचा जो लोगो दिसतो तो लिनक्सने काढलेला नसतो. यूईएफआय फर्मवेअरने मेमरीच्या एका साध्या तुकड्यावर तो रंगवलेला असतो. कर्नल जागा झाल्यावर थोडा वेळ त्याच तुकड्यावर लिहितो. मग खरा ग्राफिक्स ड्रायव्हर येतो आणि पडदा आपल्या ताब्यात घेतो. रिझोल्यूशन किती, पॅनेलकडे सिग्नल कुठून जातो, बॅकलाइट कोण पेटवतं, हे सगळं तो नव्याने मांडतो. याला कर्नल मोड सेटिंग म्हणतात. इंटेलच्या चिपांसाठी ते २००९ मध्ये कर्नल २.६.२९ बरोबर आलं. अंधार होतो तो बहुतेक वेळा नेमक्या या हस्तांतरात. नोमोडसेट हे हस्तांतरच रद्द करतं. फर्मवेअरने दिलेल्या त्या तुकड्यावरच सगळा डेस्कटॉप रेटायचा आणि चित्र रंगवायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात मारायचं. व्हिडिओ लावला की पंखा बोंबलतो. ब्राइटनेसची बटणं दाबून दाबून बोट दुखतं. दुसरा मॉनिटर जोडला तर त्यावर काही उमटत नाही. झाकण मिटून पुन्हा उघडलं की यंत्र परत येईलच याची हमी नाही.

तात्पुरता म्हणून दिलेला हा उपाय लोक कायमचा ठेवतात. दुरुस्तीला माझ्याकडे असे लॅपटॉप येतात, ज्यांतली महागडी ग्राफिक्स चिप विकत घेतल्या दिवसापासून निजून आहे. आणि मालक समजूतदारपणे म्हणतो, “मॅडम, लिनक्स जरा स्लोच असतं ना.” नाही हो. लिनक्स स्लो नसतं. तुम्हाला फसवलं गेलं आहे, आणि फसवणाऱ्यांना पाठीशी घालायचं काम माझ्याच जातभाईंनी केलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. लॅपटॉपची काळी स्क्रीन हा आकाशातून पडलेला तांत्रिक अपघात नव्हे. कुठल्या तरी कंपनीच्या कुठल्या तरी बैठकीत, या यंत्राची लिनक्सवरची जबाबदारी आपण घ्यायची नाही, असं ठरलेलं असतं. तो निर्णय असतो. आणि निर्णयाला दोष म्हणून दुरुस्त करत बसणं, वर त्या दुरुस्तीचा अभिमान बाळगणं, ही आम्हा लिनक्सवाल्यांची खोड आहे.

नावं घेऊनच बोलू. एनव्हिडियाने २०१० मध्ये लॅपटॉपसाठी ऑप्टिमस आणलं. कल्पना उत्तम होती. साध्या कामाला प्रोसेसरमधली इंटेलची काटकसरी चिप, जड कामाला एनव्हिडियाची. काम नसेल तेव्हा मोठीला झोपवायचं, म्हणजे बॅटरी वाचते. यात पॅनेल जोडलेलं असतं इंटेलच्या चिपला. एनव्हिडियाने चित्र काढायचं आणि ते इंटेलच्या हवाली करायचं. म्हणजे दोन कंपन्यांच्या दोन ड्रायव्हरांनी एकमेकांशी धड बोललं पाहिजे. विंडोजवर ते बोलले. लिनक्सवर एनव्हिडियाने हात वर केले. हवा तेवढाच प्रोग्राम मोठ्या चिपवर चालवण्याची अधिकृत सोय कंपनीच्या ड्रायव्हरात आली ती २०१९ मध्ये, ४३५ या मालिकेत. नऊ वर्षांनी! २०१० मध्ये विकलेल्या लॅपटॉपची बॅटरी, बिजागऱ्या आणि मालकाची उमेद हे सगळं तोवर निवर्तलेलं असतं.

मधल्या काळात स्वयंसेवकांनी बम्बलबी नावाचा जुगाड उभा केला. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधल्या पुसण्याच्या कमांडमध्ये एक स्पेस जास्त पडली आणि एक फोल्डर पुसायचं सोडून ती लोकांची अख्खी यूएसआर डिरेक्टरी पुसू लागली. हा किस्सा आमच्यात आजही टाळ्या घेतो. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बलाढ्य कंपनी जे काम नाकारते ते एक माणूस फुकट करतो, त्याचा हात एकदा घसरतो, आणि थट्टा होते ती त्या माणसाची.

२०१२ च्या जूनमध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सला याच ऑप्टिमसवाल्या लॅपटॉपबद्दल श्रोत्यांतून प्रश्न आला. उत्तरात त्याने एनव्हिडियाला आपल्या अनुभवातली सगळ्यात वाईट कंपनी ठरवलं आणि कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं. बोट जगभर गाजलं. प्रश्न सगळे विसरले. पैसे देऊन घेतलेलं यंत्र चालत का नाही आणि त्याचं उत्तर कोण देणार, हा तो प्रश्न होता. बोटाने त्याचं उत्तर मिळत नाही, करमणूक होते.

आता या कंपनीची चाल बघा. तिच्या चिपांसाठी नूव्हो नावाचा खुला ड्रायव्हर स्वयंसेवकांनी लिहिला. कसा? बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा, तो चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहितो आणि काय वाचतो ते टिपायचं आणि त्या आकड्यांवरून अर्थ लावायचा. माहितीपुस्तिका नाही, फोनवर कुणी नाही. २०१० मध्ये हा ड्रायव्हर २.६.३३ बरोबर मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. त्याच वर्षी एनव्हिडियाने आपला ‘एनव्ही’ हा मोडकातोडका खुला ड्रायव्हर नव्या चिपांसाठी पुढे न नेण्याचं जाहीर केलं. आमचा बंद ड्रायव्हर बसेपर्यंत जुनाट व्हेसा ड्रायव्हरवर भागवा, असा सल्लाही दिला. बोटप्रकरणानंतर, २०१३ मध्ये, नूव्होवाल्यांना काही कागदपत्रं देण्याची भाषा झाली. आम्ही भाबडे हरखलो. २०१४ मध्ये ‘मॅक्सवेल’ चिपांची दुसरी पिढी आली आणि चिपचं फर्मवेअर कंपनीच्या सहीशिवाय चालेनासं झालं. वेग वाढवण्याचं, वीज सांभाळण्याचं काम ज्या फर्मवेअरकडे, त्याची सही कंपनीच्या खिशात. परिणाम असा की खुल्या ड्रायव्हरवर ही चिप सुरू होते त्या रांगत्या वेगावरच अडकून पडते. दमडीचे कागद पुढे केले आणि मागून कुलूप घातलं.

मग मे २०२२ मध्ये गाजावाजा झाला: एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलं खुली केली! पेढे वाटायच्या बेतात होते लोक. खरी गोष्ट अशी की ट्युरिंग पिढीपासून चिपमध्येच जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर बसवलेला आहे. पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेलं बरंच काम आता त्याच्यावर चालणाऱ्या बंद फर्मवेअरमध्ये गेलं आहे. ते फर्मवेअर बंदच. वरचं ओपनजीएल, व्हल्कन, कुडा हेही बंदच. मधला जो भाग उघडून दाखवला, त्यात लपवण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. तरी न्यायाने सांगायचं तर याने फायदा झाला. जीएसपीच्या मदतीने नूव्होला ट्युरिंग आणि पुढच्या चिपा पूर्ण वेगाने चालवता येऊ लागल्या, व्हल्कनसाठी एनव्हीके उभा राहिला आणि रस्ट भाषेत नोव्हा नावाचा नवा ड्रायव्हर आकार घेतो आहे. पण या उदारतेची रेघ ट्युरिंगपाशी ओढलेली आहे. तिच्या आधीची पास्कल पिढी, म्हणजे एमएक्स१५०, जीटीएक्स १०५० वगैरे, ना घर की ना घाट की. जीएसपी नाही, वेग वाढवणारं सहीचं फर्मवेअर नाही, आणि बंद ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्यांच्यासाठी शेवटची. पुणे-मुंबईच्या सेकंडहँड बाजारात कॉलेजची पोरं काटकसरीने घेतात ते नेमके हेच लॅपटॉप.

“लिनक्सला गिऱ्हाईक किती? कंपनी धर्मादाय थोडीच चालवायची?” हा युक्तिवाद मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की तो कंपनीच्या पगारावर नसलेली माणसं जास्त पोटतिडकीने करतात, असं माझं मत झालं आहे. गिऱ्हाईक किती? नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात. आपल्या पुण्यात सी-डॅकने उभारलेला परम सिद्धी-एआय २०२० मध्ये जागतिक यादीत ६३ वा आला. तो कशावर उभा आहे? एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांवर, आणि अर्थातच लिनक्सवर. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ज्या लाटेवर बसून ही कंपनी २०२४ मध्ये तीन लाख कोटी डॉलरच्या भावात गेली, ती लाट लिनक्स सर्व्हरांवरच उठली आहे. म्हणजे लिनक्सवर चिप चालवणं यांना जमत नाही असं नाही. ज्या गिऱ्हाइकाकडे वकील आणि खरेदी विभाग आहे त्याच्यासाठी जमतं. ज्याच्याकडे ईएमआय आहे त्याच्यासाठी जमत नाही. कोट्यवधींच्या यंत्रात ती चिप इमानेइतबारे राबते आणि त्याच शहरात हॉस्टेलवरच्या पोराला सांगितलं जातं, नोमोडसेट लिही.

लॅपटॉप बनवणारे तर या सगळ्यात साळसूदपणे उभे असतात. त्यांच्यावर कुणी बोट उगारत नाही म्हणून जरा मीच उगारते. बायोस म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात एसीपीआयचे तक्ते असतात. बॅकलाइट कसा कमी-जास्त करायचा, झाकण मिटल्यावर कुठली चिप कशी बंद करायची, हे त्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. हे तक्ते ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतात: तू कोण? लिनक्सने ‘मी लिनक्स’ हे खरं उत्तर देणं केव्हाच सोडून दिलं आहे. कारण ते उत्तर ऐकल्यावर यंत्र ज्या वाटेने जातं ती वाट बनवणाऱ्याने कधी तपासलेलीच नसते. म्हणून कर्नल सरळ सांगतो, मी विंडोज आहे. कुठली विंडोज विचारलंत तरी हो म्हणतो. जगातले महासंगणक चालवणारी ही प्रणाली लॅपटॉपच्या दारात खोटं नाव सांगून आत शिरते, कारण आत फक्त त्या एकाच नावाच्या पाहुण्यासाठी पाट मांडलेला असतो. त्यातूनच ब्राइटनेस एकदम शून्यावर जाणं, झोपेतून उठल्यावर पडदा काळा राहणं, असे प्रकार घडतात. मग ‘एसीपीआय बॅकलाइट’ला ‘नेटिव्ह’ म्हण, नाहीतर ‘व्हेंडर’ म्हण, अशी मंत्रावर्तनं सुरू.

तारांचा प्रकार त्याहून बेरकी. कित्येक गेमिंग लॅपटॉपमध्ये पॅनेल इंटेलच्या किंवा एएमडीच्या चिपला आणि एचडीएमआयचं भोक एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. घरी सगळं झकास दिसतं, कारण पॅनेलची चिप वेगळी. सेमिनारला उभं राहून प्रोजेक्टर जोडला की तिथे शुकशुकाट, कारण त्या बाजूचा ड्रायव्हर बसलेलाच नव्हता. कुठलं भोक कुठल्या चिपला जोडलं आहे हे खोक्यावर छापायला किती शाई लागते? खोक्यावर चार भाषांत ‘गरम पृष्ठभागाला हात लावू नका’ छापतातच ना.

आता कुणी म्हणेल, बाई, तुमच्या कर्नलवाल्यांचंही चुकतं. चुकतं ना. कर्नलच्या आतली ड्रायव्हरांशी बोलायची रचना मुद्दाम स्थिर ठेवलेली नाही. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक प्रमुख, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी त्याचं समर्थन करणारा दस्तऐवजच कर्नलच्या कागदपत्रांत ठेवला आहे. तुमचा ड्रायव्हर खुला करून कर्नलमध्ये आणा, मग आम्ही काही बदललं तर तोही आम्हीच बदलून देऊ, हा त्यातला सौदा. एएमडी आणि इंटेल यांच्यासाठी तो सौदा चालला म्हणून मला तो पटतो. पण जो बाहेर राहिला त्याचा ड्रायव्हर दर नव्या कर्नलला नव्याने बांधावा लागतो. एके मंगळवारी नेहमीचं अपडेट येतं, कर्नलचे हेडर आलेले नसतात, मॉड्यूल बांधलं जात नाही आणि बुधवारी सकाळी स्क्रीन काळी. तक्रार केलीत तर कर्नलवाले सोवळ्यातून बघतात: बंद मॉड्यूल चढवलंत, कर्नलवर ‘टेंटेड’ शिक्का बसला, आता विक्रेत्याकडे जा. विक्रेता म्हणतो, कर्नल बदलला, आमचा काय दोष? दोघांचंही तत्त्व शाबूत राहतं. अंधारात बसायला तिसरा असतोच.

शुद्धतेच्या या खेळाची किंमत काय असते ते डेबियनने वर्षानुवर्षं दाखवून दिलं. एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरलाही चिपमध्ये चढवायला बंद फर्मवेअर लागतं. खुलेपणा तिथेही शंभर टक्के नाही. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते फर्मवेअर नसायचं, कारण ते मुक्त नाही. त्यामुळे रेडिऑनवाला नवशिक्या पहिल्याच पायरीला ठेचकाळायचा. तत्त्वनिष्ठ म्हणायचे, वेगळी अनधिकृत प्रतिमा आहे की, ती शोधून घ्यावी. अखेर २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर मिळू लागलं. आभाळ कोसळलं नाही. मुक्त सॉफ्टवेअर बुडालं नाही. काही लोकांच्या स्क्रीन तेवढ्या उजळल्या.

इंटेल म्हणजे निर्धास्त, हा मंत्रही मी जपून म्हणते. २००८ मध्ये ॲटम प्रोसेसरबरोबर जीएमए ५०० आली. नाव इंटेलचं, आतला गाभा दुसऱ्याच कंपनीच्या पॉवरव्हीआर घराण्यातला आणि त्याचा ड्रायव्हर बंद. इंटेलवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांनी नेटबुक घेतले आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या रिझोल्यूशनवर दिवस काढले. आता ती चूक निस्तरली आहे. पण त्या दिवसांपासून मी लोगो बघत नाही, चिपचं नाव बघते.

आणि आमचे वैद्यबुवा! यांच्या बटव्यात दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पुड्या असतात आणि त्या आजच्या यंत्राला देतात. ‘आय९१५ डॉट एनेबल आरसी६’ हा पर्याय कर्नलने काढून टाकला तरी यांच्या ओळीत तो आहेच. एक्सॉर्ग डॉट कॉन्फ ही फाइल आता बहुतेक यंत्रांना लागतच नाही. पडदा चालवणारा एक्स सर्व्हर आपली चिप आपण ओळखतो. उलट कुठून तरी उचलून टाकलेली जुनी फाइल असली तर तिच्यामुळेच अंधार होतो. हे मात्र ती हाताने लिहायला लावतात, नाहीतर काही केल्यासारखं वाटत नाही. इंटेलचा जुना एक्स ड्रायव्हर सोडून साधा ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हर वापरण्याकडे डेबियन आणि उबुंटू २०१६ मध्येच वळले. वैद्यबुवा अजून जुनाच बसवून देतात आणि चित्र फाटलं की लिनक्सला शिव्या घालतात. कारण न शोधता पाच उपाय एकाच वेळी करायचे. बरं वाटलं तर कशाने ते कळत नाही, नाही वाटलं तर काय बिघडवलं ते कळत नाही.

बरं, निदान करणं काही गूढ आहे का? स्क्रीन काळी असली तरी यंत्र बहुधा जिवंत असतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराचं टर्मिनल येतं का बघावं. ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ जोडून चालवलं की प्रत्येक चिपपुढे कुठला ड्रायव्हर प्रत्यक्ष काम करतो आहे ते दिसतं. ड्रायव्हरचं नावच नसेल तर रोग तिथेच आहे. ‘जर्नलसीटीएल’ मागच्या बूटची नोंद देतो आणि त्यात फर्मवेअरची अमुक फाइल सापडली नाही, असं बऱ्याचदा स्वच्छ लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर दोन वर्षांपूर्वीचा डिस्ट्रो टाकला की हेच होतं. चिप कर्नलनंतर जन्मलेली असते. उपाय नवा कर्नल आणि नवं फर्मवेअर पॅकेज, मंत्र नव्हे. पडदा लुकलुकत असेल आणि चिप इंटेलची असेल तर पॅनेल सेल्फ रिफ्रेश बंद करून पाहावं. एनव्हिडिया असेल तर कंपनीच्या साइटवरची फाइल उतरवून चालवण्याचा मोह आवरावा आणि डिस्ट्रोने आपल्या सहीने दिलेलं पॅकेज घ्यावं. नाहीतर सिक्युअर बूट ते मॉड्यूल चढू देत नाही. स्वतः बांधलेल्या मॉड्यूलची किल्ली नोंदवायला पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो आणि निघून जातो. त्या दहा सेकंदांत आपण चहाला उठलेलो असतो. एवढं महत्त्वाचं दार दहा सेकंद उघडं ठेवणाऱ्याला एकदा भेटायचं आहे मला.

अंगारा या सगळ्यात कुठे बसतो? यंत्रात शिरून खरा ड्रायव्हर बसवेपर्यंत, एकदा. त्यापुढे तो ओळीत राहिला तर खरा ड्रायव्हर बसवूनही तो जागा होणार नाही आणि तुम्ही दुसऱ्या वैद्याकडे जाल.

दुरुस्तीचं हे सगळं शास्त्र मला येतं याचा मला आताशा वैताग येतो. कारण जिथे कुणीतरी जबाबदारी घेतली तिथे ते लागतच नाही. क्रोमबुक २०११ पासून विकलं जातं. आत लिनक्सचा कर्नल आहे. शाळकरी मुलाने कधी क्रोमबुकवर नोमोडसेट लिहिलं आहे का? व्हॉल्व्हने २०२२ मध्ये स्टीम डेक आणलं. आत आर्चवर बेतलेलं लिनक्स, एएमडीची चिप, खुला ड्रायव्हर आणि त्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांना व्हॉल्व्हचे पैसे. लोक ते झोपवतात, उठवतात, खेळतात. एएमडीही जन्मजात संत नव्हे. तिच्या एफजीएलआरएक्स या बंद ड्रायव्हरने आमच्या पिढीला पुरेसं रडवलं आहे. पण २००७ मध्ये तिने चिपांची कागदपत्रं खुली करायचं ठरवलं, २०१५ मध्ये कर्नल ४.२ मध्ये एएमडीजीपीयू आला, आणि आज एएमडीचा लॅपटॉप घेणाऱ्याला ड्रायव्हर नावाची वस्तू शोधावीच लागत नाही. आणि ॲपलने एक कागदही न देता ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या मूठभर माणसांनी एम१ ची ग्राफिक्स चिप चालवून दाखवली. ॲलिसा रोझेन्झ्वाइगच्या ड्रायव्हरला २०२३ मध्ये ओपनजीएल ईएसचं अधिकृत प्रमाणपत्रही मिळालं. कागद असलेल्यांनी आपल्या अडचणी आता कुणाला सांगाव्यात?

आपल्या बाजाराची तऱ्हा याहून निराळी. आपल्याकडे लॅपटॉप ‘डॉस’वर किंवा उबुंटूवर मिळायचा आणि अजूनही कुठे कुठे मिळतो. तो लिनक्सवाल्यांसाठी नसतो. विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवून छापील किंमत खाली दिसावी म्हणून तो असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत बिल होताच दुकानदार विचारतो, “विंडोज टाकून देऊ?” फुकट, चोरीचं. म्हणजे खोक्यावर उबुंटू लिहिलेल्या यंत्रावरही लिनक्सवर ग्राफिक्स चालतं की नाही हे कुणी बघितलेलं असेल, याची खात्री नाही. विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणारा ते पुसणार आहे. इथे आमचाही वाटा आहे. आम्ही घासाघीस दोन हजारांसाठी करतो, बॅग आणि माउस मागून घेतो, आणि जी गोष्ट पुढची पाच वर्षं छळणार तिच्याबद्दल काउंटरवर अवाक्षर काढत नाही. दुकानदाराकडे तक्रार गेली नाही की वितरकाकडे जात नाही, वितरकाकडे गेली नाही की कंपनीच्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य दिसतं, आणि मग कंपनी म्हणते, लिनक्सला मागणी कुठे आहे? अंगाऱ्याने भागवणाऱ्यांनी ते शून्य जपून ठेवलं आहे.

म्हणून मी फुकट दुरुस्ती बंद केली आहे. घेण्याआधी विचारायला आलात तर दुकानापर्यंत बरोबर येते. पर्समध्ये लाइव्ह पेन ड्राइव्ह असतो. डेमो पीस त्यावरून सुरू करायचा. ब्राइटनेसची बटणं दाबायची, झाकण मिटून उघडायचं, दुकानातला टीव्ही एचडीएमआयला लावायचा. “असं चालत नाही मॅडम, सिस्टीमला हात लावता येणार नाही,” हे ठरलेलं उत्तर. त्यावर मी काहीच वाद घालत नाही. “मग याच्यावर लिनक्स चालतं असं बिलावर लिहून द्या, नाही चाललं तर आठ दिवसांत परत घेणार असंही लिहा,” एवढंच म्हणते. मॅनेजरला बोलावणं जातं. मॅनेजर आधी माझ्याकडे बघतो, मग बरोबरच्या गिऱ्हाइकाच्या हातातल्या कार्डाकडे, आणि पोऱ्याला सांगतो, “दे रे, लावू दे त्यांना.”